जोडलेली उपकरणे: दोन

सोत्गोल वाडीची पाळी गुरुवारी असायची. आरोग्य केंद्रातून निघताना नर्स युन-जू पिशवी भरायची ती ठरलेल्या क्रमानं. खाली रक्तदाबाचं यंत्र, त्यावर गोळ्यांची पाकिटं आणि सगळ्यात वर, टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप. डोंगरातल्या म्हाताऱ्यांना दवाखान्यात उतरवण्यापेक्षा डॉक्टरलाच पडद्यावर बसवून वर न्यायचं, अशी ही सोय. वाडीत एकाही घरात नेट नव्हतं. मग युन-जू स्वतःच्या मोबाइलवरून लॅपटॉपला नेट द्यायची. फोन खिडकीत ठेवायचा, हॉटस्पॉट चालू करायचा, लॅपटॉप जोडायचा, की तीस किलोमीटरवरच्या जिल्हा रुग्णालयातले डॉक्टर ग्वाक समोर येत. ग्वाक नवीन होते. रुजू होऊन पुरता महिनाही झाला नव्हता.

त्या जानेवारीत सोत्गोलमध्ये एकच माणूस उरला होता. बाकीची पाच घरं हिवाळ्यापुरती कुलूप लावून लेकासुनांकडे खाली गेली होती. प्यो दोक-बे मात्र हलले नाहीत. वय एक्क्याऐंशी. बायको, बुन-ओक, ऑक्टोबरात गेली. घरामागच्या टेकाडावर तिला पुरली, तेव्हा युन-जूही हजर होती. अकरा वर्षं ती बुन-ओकचा रक्तदाब मोजत आली होती. इंचॉन शहरात राहणारी मुलगी बापाला हातापाया पडून बोलवत होती, पण आजोबांचं एकच, "आणि इथे हिच्याजवळ कोण थांबणार?"

दुपारचे दोन वाजले होते, तरी दिवेलागण झाल्यासारखा उजेड होता. बर्फ बारीक, पण न थांबता पडत होता. युन-जूनं गाडी वळणावर सोडली आणि उरलेली चढण पायी चढली. ती अंगणात पोचली तेव्हा आजोबा उंबऱ्यात उभे होते.

"आलीस? मला वाटलं, बर्फ बघून दांडी मारशील."

"दांडी मारली असती तर तुम्ही गोळ्या घेतल्या असत्या का?"

"आल्यावर तरी कुठे घेतो?" आजोबा हसले, आणि हसताहसताच त्यांनी दाराची चौकट धरली. हात घट्ट रुतला होता. युन-जूच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"काय होतंय?"

"काही नाही गं. डोकं जड. पंधरा दिवस झाले. सकाळी उठलं की मळमळतं. शेताकडे चक्कर मारून आलो की बरं वाटतं, घरात आलो की पुन्हा तेच."

"आणि हे मला फोनवर का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू मला उचलून खाली नेलं असतंस."

आतली खोली चांगली उबदार होती. शेजारच्या स्वयंपाकघरातल्या भट्टीत कोळशाच्या भोकाभोकाच्या विटा जळत. त्यांची ऊब खोलीच्या जमिनीखालून फिरून मागच्या धुराड्यानं बाहेर जाई. आजोबांनी खिडक्यांना आतून प्लास्टिक चिकटवलं होतं, थंडीत सगळेच चिकटवतात तसं. छताच्या वाशाला गवताच्या दोरीनं बांधलेल्या, आंबवायला टांगलेल्या सोयाबीनच्या ढेपा लटकत होत्या. त्यांच्या उग्र, कुबट वासानं खोली भरून गेली होती. दुसरा कुठलाही वास त्या वासाखाली दडपून जावा इतका तो दाट होता.

"यंदाही केल्यात ढेपा?" युन-जूनं पिशवी उघडत विचारलं. या ढेपा दर वर्षी नोव्हेंबरात बुन-ओक घालायची, एवढं तिला माहीत होतं.

"मला कुठे येतं ते," आजोबा म्हणाले, आणि गरम जमिनीवर भिंतीला टेकून बसले.

युन-जूनं त्यावर विचार केला नाही. मुलीनं पाठवल्या असतील, असं तिनं मनाशी म्हटलं. रक्तदाब बरा निघाला. नाडी मात्र धावत होती. तिनं फोन खिडकीच्या कट्ट्यावर उभा केला. रेंजच्या दोनच काड्या होत्या, पण चालून जाणार होतं. तिनं हॉटस्पॉट चालू केला, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि पासवर्ड टाकला. फोनच्या पडद्यावर नेहमीची ओळ उमटली. जोडलेली उपकरणे: एक.

डॉक्टर ग्वाकांचा चेहरा आला, गोठला, पुन्हा हलायला लागला.

"नमस्कार आजोबा! काय म्हणतंय डोकं?"

"डोक्यानं काय म्हणायचं, दुखतंय म्हणतंय."

डॉक्टर हसले. मग एकेक विचारत गेले. केव्हा दुखतं, कुठे दुखतं, चक्कर येते का, जेवण जातं का. आजोबांनी युन-जूला सांगितलं तेच पुन्हा सांगितलं: घराबाहेर पडलं की बरं वाटतं. डॉक्टरांच्या कपाळावर आठी पडली. ते पडद्याकडे झुकले.

"थांबा. आजोबा, घर गरम करायला तुमच्याकडे कशाची..."

चित्र थिजलं. डॉक्टरांचं तोंड अर्धवट उघडं राहिलं.

"आली का पंचाईत," युन-जू पुटपुटली आणि फोन बघायला उठली. उठताना तिला किंचित भोवळल्यासारखं झालं. चढण चढून आलेय, त्यामुळे असेल. तिनं फोन हातात घेतला. रेंजच्या काड्या होत्या तशाच होत्या. खालची ओळ मात्र बदलली होती.

जोडलेली उपकरणे: दोन.

तिनं पुन्हा वाचलं. हॉटस्पॉटला पासवर्ड होता. शेजारची घरं बंद होती. आजोबांकडे मिटता-उघडता येणारा जुना फोन होता, त्याला नेट म्हणजे काय ते ठाऊकही नव्हतं. तिनं पासवर्ड बदलला आणि लॅपटॉप नव्यानं जोडला. एक. तेवढ्यात डोळ्यांदेखत आकडा पुन्हा दोनवर गेला.

तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं. यादी उघडली. पहिलं नाव तिच्या लॅपटॉपचं होतं. दुसरं होतं: आई.

"आजोबा," तिनं शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, "घरात आणखी कुठला फोन आहे का? मुलीनं एखादा ठेवून दिलेला?"

"नाही बुवा."

"'आई' असं नाव आहे त्याचं."

आजोबा जमिनीवर तळहात फिरवत राहिले. मग म्हणाले, "तो हिचा. लेकीनंच नाव घालून दिलं होतं, इंचॉनहून आणला तेव्हा."

"मग आहे कुठे तो?"

"हिच्याजवळच. पुरतानाच पेटीत ठेवला मी, उशाशी. सारखी हरवायची ना तो..."

युन-जूनं खिडकीकडे पाहिलं. प्लास्टिकमुळे बाहेरचं नुसतं पांढुरकं दिसत होतं. तिकडेच टेकाड होतं. ऑक्टोबरातला फोन. बॅटरी तीन महिने कुठली टिकते? तिनं स्वतःला समजावलं, यंत्रं जुनी नावं धरून ठेवतात, असलं काहीतरी असेल.

"युन-जू ताई? ऐकू येतंय का?" लॅपटॉपमधून डॉक्टर बोलले. चित्र सुटलं होतं. "आता बरोबर जोडलं गेलं. दोन्हीकडून येतंय."

"दोन्हीकडून?"

"तुम्ही एका चौकटीत आणि आजी दुसऱ्या चौकटीत. आजींचं चित्र मात्र अगदी काळं आहे. तिकडच्या खोलीत दिवा लावायला सांगा ना त्यांना."

युन-जूनं लॅपटॉपच्या पडद्यावर पाहिलं. तिथे डॉक्टर होते, आणि कोपऱ्यात ती स्वतः. तिसरी चौकट नव्हती.

"डॉक्टर... इथे आजी नाहीत."

"कमाल करता. बोलतायत की त्या." ग्वाकांनी कानाशी हात नेला. "हो आजी, सांगतो. अहो ताई, दार उघडं राहिलंय म्हणतायत. फार गार लागतंय. तेवढं लावून घ्या."

युन-जूनं वळून पाहिलं. आत येताना तिनं दार नीट ओढलं नव्हतं. वीतभर फट होती, आणि तिच्यातून बर्फाचे कण आत येत होते.

आजोबा उठले. भिंतीला धरत धरत गेले, दार सरकवून लावलं आणि खिटी घातली. परत येऊन बसले ते जरा जास्तच जोरात, पाय मोडल्यासारखे.

"तुम्हाला ऐकू येतं का ते?" युन-जूनं हळूच विचारलं.

"मला फोन कशाला लागतो? मला रोजच येतं." त्यांनी डोळे मिटले. "थंडी सोसत नाही तिला. पहिल्यापासूनच. लग्न होऊन आली तेव्हा चार चार पांघरुणं घ्यायची."

"आजोबा, काय म्हणतात त्या रोज?"

"म्हणते, या आता. मी म्हणतो, थोडं थांब."

जमीन अधिक गरम झाल्यासारखी वाटत होती. युन-जूनं कोटाचं बटण काढलं. डोक्यात कुणीतरी संथ लयीत ठोकत होतं. समोर डॉक्टर बोलत होते, पण त्यांचे शब्द लोकरीतून गाळून यावेत तसे येत होते.

"...आजी म्हणतायत, तुम्ही दमून आलाय. बसा दहा मिनिटं. पाठ टेका. फार मायाळू आहेत हो या."

खरंच बसावं, असं तिला वाटलं. ढेपांचा वास आता येतच नव्हता. बाहेर बर्फ पडताना आवाज होत नाही, तसाच खोलीतलाही आवाज नाहीसा होत चालला होता. तिनं भिंतीला पाठ टेकली. भिंतसुद्धा उबदार होती. समोर आजोबा मान खाली घालून बसले होते, आणि त्यांचे गाल... किती छान लाल दिसत होते. एखाद्या लहान मुलाला थंडीतून आणून शेकोटीपाशी बसवावं, तसे.

लाल गाल.

अठरा वर्षांच्या नोकरीत हा रंग तिनं दोनदा पाहिला होता. दोन्ही वेळा पोचायला उशीर झाला होता. डॉक्टरांचं अर्धवट तुटलेलं वाक्य तिला आत्ता पूर्ण ऐकू आलं. घर गरम करायला तुमच्याकडे कशाची भट्टी आहे?

"कोळसा..." ती म्हणाली. जीभ जड झाली होती. "डॉक्टर, कोळशाचा वायू. खोलीत वायू भरलाय."

"काय? ताई, बाहेर पडा! आधी बाहेर..." डॉक्टर थांबले. त्यांचा चेहरा गोंधळला. "आजी, तुम्ही मध्ये बोलू नका. काय? ताई, आजी म्हणतायत, दार उघडू नका. म्हणतायत, आता थोडंच राहिलंय."

युन-जू उभी राहायला गेली आणि गुडघ्यांवर आपटली. मग ती रांगत निघाली. खिटी वर होती. चौकटीला नखं लावत ती कशीबशी उभी राहिली आणि तिनं खिटी काढली. दार हलेना. आत येताना एका हातानं सरकलेलं ते दार, आता तिनं दोन्ही हातांनी ओढलं तरी केसभरही सरकत नव्हतं. जणू पलीकडून कुणीतरी अंग टाकून ते दाबून धरलं होतं.

"बुन-ओक!" मागून आजोबांचा आवाज आला. नवरा बायकोवर वैतागतो, तसा घरगुती आवाज. "पोरीला जाऊ दे. पोरीचा काय संबंध यात?"

दार सुटलं. इतकं अचानक, की युन-जू पायरीवर कोसळली. गार हवा सुरीसारखी छातीत शिरली. तिनं तोंड वासून ती घेतली. दोनदा, तीनदा. आणि ती परत आत वळली.

"तू जा," आजोबा पुटपुटले. "मी तिला शब्द दिलाय..."

"शब्द नंतर पाळा."

तिनं त्यांना काखेत धरून ओढलं. म्हातारा सडपातळ होता, पण त्या वेळी त्याला दुप्पट वजन आलं होतं. पायांकडून कुणी धरून ठेवावं तसं. उंबऱ्यापर्यंत येईतो तिला दोनदा अंधारी आली. जाता जाता तिनं खिडकीतला फोन ओढून खिशात कोंबला. मदत मागवायला तेवढंच साधन होतं. लॅपटॉप तसाच आत जमिनीवर राहिला. त्यातून डॉक्टर हाका मारत होते, आणि हाकांच्या मधे थांबून कुणाचं तरी ऐकून घेत होते.

अंगणातल्या बर्फात आजोबांना कुशीवर लोळवून तिनं फोन लावला. खालच्या गावचे प्रमुख ह्वांग अर्ध्या तासात ट्रॅक्टर घेऊन चढून आले, आणि त्यांच्या मागोमाग रुग्णवाहिका. आजोबांच्या नाकाला नळी लागली, आणि युन-जूच्याही. दोघांना एकाच गाडीत घातलं. गाडी हलायच्या आधी ह्वांग घरामागे जाऊन धुराडं बघून आले. चेहरा उतरला होता.

"बर्फानं तुंबलंय का?" युन-जूनं विचारलं.

"बर्फ नाही. माती आहे. पार आतपर्यंत ठासून भरलीय." त्यांनी हातमोजा पुढे केला. त्यावर लाल, ओली माती होती. "गेला महिनाभर इथली जमीन गोठलीय, कुदळीला दाद देत नाही. ही ओली माती खणली कुणी, आणि कुठून?"

आजोबांनी मान वळवली आणि टेकाडाकडे पाठ केली.

दोघं वाचली. जिल्हा रुग्णालयात रात्रभर प्राणवायू दिला. पहाटे इंचॉनहून मुलगी येऊन पोचली आणि रडत, बापाला शिव्या घालत, त्याच्या खाटेपाशी बसली. या वेळी तो नाही म्हणाला नाही. "नेतेस तर ने," एवढंच बोलला. मग म्हणाला, "आता तिथे कुणी नाही, गं. घर रिकामं वाटलं मला, निघताना." युन-जू पलीकडच्या खाटेवर होती. म्हातारा ग्लानीत बोलतोय, असं तिनं मानलं. वायूनं माणसाला नाही ते दिसतं, नाही ते ऐकू येतं, हे तिनं स्वतः किती घरांत समजावून सांगितलं होतं. दार बर्फानं अडकलं असेल. फोनच्या यादीत जुनं नाव राहिलं असेल. सकाळच्या उन्हात सगळ्याला उत्तरं मिळत होती.

नऊच्या सुमारास डॉक्टर ग्वाक आले. पडद्यावर दिसायचे त्यापेक्षा उंच आणि वयानं लहान होते. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, आणि मग खुर्ची ओढून बसले.

"ताई, माझी चूक झाली. पहिल्यांदाच माझ्या लक्षात यायला हवं होतं."

"तुम्ही विचारतच होतात. तेवढ्यात लाइन गेली."

"हो." त्यांनी हातातले कागद चाळले. "एक विचारायचं होतं. त्या आजींचं नाव मला कागदांत सापडेना. शेजारच्या घरातल्या होत्या का? त्यांनाही तपासायला हवं. वायू त्यांच्याही अंगात गेला असणार."

युन-जू खाटेवर उठून बसली. डॉक्टर वायूत नव्हते. डॉक्टर तीस किलोमीटरवर, इथे रुग्णालयात बसले होते.

"तुम्ही... नक्की ऐकलं होतं त्यांना?"

"ऐकलं म्हणजे? सगळ्यात जास्त त्याच बोलल्या की. तुमच्या लॅपटॉपची चौकट तुम्ही बाहेर पडल्यावर लगेच गेली. मी तर घाबरून गेलो होतो. पण आजींची चौकट चालू राहिली, म्हणून मी जागेवरून उठलो नाही. म्हटलं, निदान खबर तरी कळेल. बराच वेळ नुसताच वारा ऐकू येत होता. मग ट्रॅक्टर. मग माणसांचे आवाज." डॉक्टर आठवत आठवत बोलत होते. "नंतर रुग्णवाहिकेचा भोंगा आला. अगदी जवळून, गाडीत बसल्यावर येतो तसा. तेव्हा मला हायसं वाटलं. म्हटलं, चला, आजींनाही घेतलं बरोबर."

"गाडीत आम्ही दोघंच होतो," युन-जू म्हणाली.

"असं कसं होईल? बोलल्या ना त्या. मी म्हटलं, आजी, मी ठेवतो आता, इकडे आजोबांची तयारी करायचीय. तर म्हणाल्या, ठेवा तुम्ही."

"आणि?"

"आणि काही नाही. म्हणाल्या, ह्यांना लेक नेईल. मी पोरीबरोबर जाते."

डॉक्टर हसले. मग तिचा चेहरा पाहून हसायचे थांबले, आणि त्यांनी खाटेच्या पलीकडच्या रिकाम्या बाजूकडे पाहिलं.

"का हो ताई... कुणाकडे उतरल्यात त्या?"